शैलूनं मागितलेली पट्टी

गेल्या कार्तिकात, एका सोमवारी सकाळी, माझी बहीण शैलू लोट्याला तिच्या घरी वारली. फोन तिच्या नवऱ्यानं केला. मी देवाची भांडी घासत होते. ती धुऊन ठेवली, दार लावलं आणि स्टँडवर गेले.

तेव्हापासून हे लिहायला बसते आणि उठते. जे लिहायचं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आप्पांना नाही, शैलूला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही तिला ऐकलेलं नाही, म्हणून असेल. ज्यांनी तिला ऐकलं होतं त्यांच्यापुढे माझ्या तोंडून हे निघालं नसतं.

आधी घराबद्दल सांगते. म्हणजे मूळ गोष्ट पुन्हा पुढे ढकलते — कळतंय मला.

आमचं घर रत्नागिरीत, खालच्या आळीत. तीन पिढ्या आम्ही गाण्याबजावण्यावर जगलो. आजोबा एका फिरत्या नाटक कंपनीत पायानं भाता चालवायची पायपेटी वाजवत. कंपनी बंद पडली तेव्हा ती पायपेटीच घेऊन घरी आले. आप्पा, म्हणजे आमचे वडील, तबला वाजवत — कीर्तनाला, देवळांच्या उत्सवांना, उत्सवातल्या संगीत नाटकांना. आई आम्ही लहान असतानाच गेली, म्हणून आप्पा आम्हा दोघींना बरोबर नेऊ लागले. एसटीत तबला-डग्गा त्यांच्या मांडीवर, पेटी माझ्या पायांशी, आणि शैलू खिडकीला डोकं टेकून झोपलेली. मुरुडच्या उत्सवात पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथले एक खोत आम्हा दोघींकडे बघत राहिले.

"आप्पानू, पेटी कोण वाजवणार?"

"ही थोरली."

"आणि गाणार कोण?"

"ती झोपलीय ती."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"जेवायला," आप्पा म्हणाले.

त्यानंतर दर वर्षी मुरुडला आमची पानं मांडताना कुणीतरी म्हणायचंच, आप्पांना आधी वाढा गो, ते तेवढ्यासाठीच येतात.

मीही गायचे. हे फार कुणाला ठाऊक नाही. एकदा, मी दहाएक वर्षांची असेन, आप्पांनी मला समोर बसवून तीन-चार पदं म्हणायला लावली. मग म्हणाले, "तुझ्या गळ्यात नाही, तुझ्या बोटांत आहे." प्रेमानंच म्हणाले. खरंही होतं ते. दुसऱ्या दिवसापासून मी पेटीवर बसले आणि शैलू गायला उभी राहिली.

ती कशी गायची? हे सांगायला गेले की माझे शब्द संपतात, आणि मी आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांत काढलेली बाई आहे. ती वरच्या सुरावर जायची तेव्हा चढून गेल्यासारखं वाटत नसे. ती तिथे आधीच असायची, आपण मागून पोचायचो. तिनं श्वास घेतला की माझा भाता आपोआप भरायचा. ती एखादी जागा नव्यानंच घ्यायची आणि माझी बोटं तिच्या पाठोपाठ जायची — कशी, ते मला आजही माहीत नाही. मागे राहून वाजवण्यात मला कमीपणा वाटायचा का? लोकांना तसं वाटे. मला वाटायचा नाही. मला भीती वाटायची. ती पुढे नसेल तर मी कुणाच्या मागे वाजवणार?

आता पट्टीचं सांगायला हवं. गाणारा ज्या सुराला 'सा' धरतो ती त्याची पट्टी, आणि आमच्याकडे ती पेटीच्या पट्ट्यांवरूनच ओळखतात. शैलूची काळी चार. घसा बसला असेल तर गाणारा अर्धा सूर खाली उतरतो, म्हणजे काळी चारची पांढरी पाच होते, आणि तबलाही तेवढा उतरवून लावावा लागतो. त्यात वावगं काही नाही, सगळे करतात. आमच्या घरात मात्र चालत नसे. आजोबांपासूनचा दंडक होता — पट्टी उतरवून मागायची नाही. गाता येत नसेल तर त्या दिवशी गाऊ नका, पण उतरू नका. आप्पा हे तबला लावता लावता इतक्या वेळा म्हणत, की शैलू त्यांची नक्कल करायची, हातोडीसकट.

शैलू वीसेक वर्षांची होती, त्या वर्षी पुण्याची एक नाटकमंडळी नवी गाणारी नायिका शोधत होती. कुणीतरी त्यांना शैलूचं नाव सांगितलं. रत्नागिरीत आमच्या गावच्या मंडळींचा एका जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग होता, रविवारी दुपारी. पुण्याचे दोघेजण तो बघायला येणार होते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होते. घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आप्पा जेवताना सहज बोलून गेले, "तिथे पायपेटीला त्यांचा स्वतःचा माणूस आहे हो. चांगला हात आहे म्हणे." मी आमटी वाढत होते. वाढली आणि आत गेले.

शुक्रवारी शैलूला सर्दी झाली. रविवारी ताप नव्हता, पण कानांत दडे बसले होते. पहिला अंक तिनं निभावून नेला, त्यात तिला एकच छोटं पद होतं. दुसऱ्या अंकातलं प्रवेशाचं पद मोठं, वरच्या गंधारापर्यंत जाणारं. मध्यंतरात मी पायपेटीपाशीच बसून होते. ती पडद्याच्या कडेनं खाली वाकली. चेहऱ्याला रंग, डोळ्यांत पाणी.

"ताई, पांढरी पाच घे गं. वर जाववत नाहीये. आप्पांना मी सांगितलं तर डोळे वटारतील. तू सांग."

"घेते," मी म्हटलं.

ती गेली. आप्पा चहा पिऊन आले, बसले, तबल्यावर बोट टेकवलं.

"काळी चारच ना गं?"

"हो," मी म्हटलं.

एवढंच. एवढंच केलं मी. तुम्ही याहून मोठं काही ऐकण्याच्या तयारीत असाल, तर नाही. दोन माणसांना दोन शब्द सांगितले — एकाला एक, दुसऱ्याला दुसरा.

मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले, की ऐन वेळी माझं धाडस झालं नाही, आप्पांची भीती वाटली. भीती होतीच. पण आप्पांनी विचारलं तेव्हा ते हसत होते. खुशीत होते ते. मी 'अर्धा सूर उतरवा' म्हटलं असतं तर कुरकुरले असते आणि हातोडी उचलली असती. मग का नाही म्हटलं? तिची फजिती व्हावी असं मला वाटत होतं का? नाही — असं मी आजही म्हणेन. मला वाटलं होतं, जरा कमी रंगेल, पाहुणे माना हलवतील, चहा घेतील आणि जातील. शैलू घरी राहील. मला ती घरी हवी होती. माझ्या पुढे.

पडदा वर गेला. मी काळी चारचा सूर दिला. तिचे कान बंद होते. आणि तिला वाटलं की ताईनं खाली घेतलंय — माझ्यावर भरवसा ठेवून ती निर्धास्त वर गेली. अंगात बळ नसलेल्या माणसानं पाण्याचा उतार असल्याचं ऐकून खाडीत पाऊल टाकावं, तशी गेली. गंधारावर आवाज चिरकला आणि तुटला. नुसता हवेचा आवाज आला. तिनं पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तिनं ती ओळ खालच्या सप्तकात म्हटली आणि पद संपवलं.

आमच्याकडचा प्रेक्षक हुर्यो करत नाही. गप्प बसतो. त्या शांततेत पुढच्या रांगेतून एक म्हातारी शेजारणीला म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं — "गेला गो पोरीचा आवाज."

पुण्याचे पाहुणे भले होते. आप्पांना म्हणाले, मुलीला बरं नाही दिसत, पुन्हा कधी येऊ. ते आले नाहीत. शैलूनं पट्टी उतरवून मागितली होती हे तिनं आप्पांना कधीच कळू दिलं नाही, लाज वाटली तिला. म्हणून माझं खोटं कधी उघडं पडलं नाही. तिची लाज माझ्या उपयोगी आली.

रंग उतरवताना ती मला म्हणाली, "ताई, पांढरी पाचलासुद्धा नाही गं पोचले." त्या क्षणी मला बोलता आलं असतं. नुसतं 'अगं, मी उतरवलंच नव्हतं' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. चिडली असती, महिनाभर अबोला धरला असता. मी तिच्या केसांतल्या पिना काढत राहिले.

सर्दी गेल्यावर एका सकाळी तिनं माझ्यासमोर बसून पांढरी पाच मागितली. या वेळी मी खरंच दिली. तेच पद तिनं आरंभापासून शेवटपर्यंत म्हटलं, गंधार अलगद लागला. माझ्याकडे बघून म्हणाली, "मग त्या दिवशी का नाही?" मी भाता मिटला. तिनंच उत्तर शोधलं — "लोकांसमोर नाही होत बघ. माझा गळा घरचाच आहे." आणि हसली. त्या वाक्यावर तिनं पुढचं सगळं आयुष्य ठेवलं. स्टेजवर गेली नाही. उत्सवांची बोलावणी आली की डोकं दुखतं म्हणायची. आप्पांनी दुसऱ्या गाणाऱ्यांना साथ करायला सुरुवात केली. मीही त्यांच्याबरोबर जाऊन पेटी वाजवली, पण बोटं फक्त वाजवत होती.

मग तिचं लग्न झालं. सुरेशराव लोट्याला कारखान्यात पाळीवर होते. तिचा दिवस कंपनीच्या बसच्या वेळांवर चालू लागला. सुरुवातीला माहेरी आली की एखादं पद म्हणायची. पुढे तेही नाही. आप्पा शेवटच्या आजारात मला म्हणाले, "मी त्या वेळी तिच्याजवळ बसून एकदा विचारायला हवं होतं, काय झालं ते." तेव्हाही मी त्यांना औषध दिलं आणि पाणी दिलं.

तिला मुलगी झाली, केतकी. चार-पाच वर्षांची असताना ती आमच्या ओटीवर खेळता खेळता गुणगुणत होती, आणि मी स्वयंपाकघरात होते तिथून तशीच बाहेर आले. तोच आवाज. तसाच, चढून न जाता तिथे असणारा. मी शैलूला म्हटलं, हिला माझ्याकडे ठेव सुट्टीत, शिकवते. शैलू भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नको गं ताई. आपल्या घरचा गळा बाहेर दगा देतो. तिला कशाला तो भोग?"

ती मला म्हणत होती हे. मला.

गेल्या वर्षी तिचं दुखणं वाढलं तेव्हा मी लोट्याला जाऊन राहिले. दुपारी सुरेशराव कामावर, केतकी पुण्याला नोकरीत, घरात आम्ही दोघीच. रोज मी वाक्य तयार करून तिच्या खोलीत जायचे. एका दुपारी ती बरी होती. म्हणाली, "पेटी आणायला हवी होतीस. ऐकलं असतं." मी म्हटलं, "आणते पुढच्या खेपेला." वाक्य तोंडाशी आलं होतं. तिनं डोळे मिटले होते आणि चेहरा शांत होता, आणि मी ठरवलं की ही शांती मोडू नये. कुणाची शांती? तिची म्हणून मी स्वतःचीच जपली. पुढची खेप दहनाची होती.

तेराव्यानंतर केतकी माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, आई खरंच गायची का गं? मी कधी ऐकलंच नाही." तिशीची झाली आहे ती. विचारताना तिचा आवाज किंचित वर गेला, आणि मला तो ओळखू आला.

"हो," मी म्हटलं. "चांगली गायची."

हे लिहून झाल्यावर तिला वाचायला देईन का? माहीत नाही. देईन असं इथे लिहून मोठेपणा मिळवायचा नाही मला.

आप्पा नाहीत. शैलू नाही. तिचं गाणं कुठेही भरून ठेवलेलं नाही. केतकी गात नाही. खालच्या आळीतल्या घरात मी एकटी राहते, आणि आमच्यात आता कुणी गाणारं उरलेलं नाही.