घासलेलं बटण

मला लिहायची सवय नाही. जमेल तसं सांगतो.

हरिदास हा माझ्या मुलीच्या, आसावरीच्या मुलांना शाळेतून आणणारा ड्रायव्हर. दापोलीकडचा, पन्नाशीचा, दोह्यात बरीच वर्षं एकटा. मी तिथल्या ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत मुलीकडे राहायला आलो, तेव्हापासून शुक्रवारी सकाळी तो मला जवळच्या वक्रा गावच्या किनाऱ्यावर नेऊ लागला.

तिथे तो धातू शोधायचं मशीन वाळूवरून फिरवायचा. मशीन वाजलं की गुडघे टेकून उकरायचा. या छंदातल्या बाकीच्यांना अंगठ्या हव्या असतात, याला बटणं हवी. मिळायची ती जीन्सची, नाहीतर बॉयलर सूटची टिचबटणं. तरी प्रत्येक बटण उलटसुलट करून बघायचा.

कारण त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याच्या आईचे वडील बोटीवर खलाशी होते. आई लहान असताना त्यांची बोट या आखातात आली आणि ते परत गेलेच नाहीत. शेवटच्या रजेत त्यांच्या कोटाचं एक बटण तुटून घरी राहिलं होतं. ते केसरबाईंनी, म्हणजे हरिदासच्या आईने, अजून जपलंय. त्यावर नांगर आहे आणि नांगराला दोरीचा वेढा.

"तसंच इथं मिळालं ना काका, तर आईला सांगता येईल, तुझा बापूस या किनाऱ्याला लागला होता."

मला ते अवघड वाटायचं, पण बोललो नाही. मी सहसा बोलत नाही.

जानेवारीत एक हिरवं, खारानं माखलेलं ढेकूळ निघालं. त्यावर बोट फिरवून हरिदास ओरडला, "काका, नांगर!"

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ते सूक वाकिफ या जुन्या बाजारात अब्बासकडे नेलं. तो जुनी नाणी, बिल्ले, बटणं विकतो. हरिदासने खिशातून बटण काढलं, ते देव्हाऱ्यातल्या समईसारखं लखलखत होतं.

"चिंच लावून काथ्यानं घासलं," तो म्हणाला. "आईला मळकं कसं दाखवू?"

पितळ म्हटलं की आपला हात चिंचेकडेच जातो. मीही तेच केलं असतं.

अब्बासने डोळ्याला भिंग लावलं. बटण उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"धोया क्यों, भाई?"

मग त्याने समजावलं. मागच्या बाजूला बनवणाऱ्याचं नाव असतं, त्यावरून काळ कळतो, कधी बोटीची कंपनीही. खाऱ्या पाण्यात पितळ मऊ पडतं. वरचं हिरवं खरवडलं की अक्षरंही जातात.

"जहाज़वालों का है, पुराना है. इससे ज़्यादा बोलूँ तो झूठ."

बाहेर बाकावर बसून हरिदासने आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर केसरबाईंचं नुसतं कपाळ दिसत होतं.

"दोरी आहे का रे नांगराला?"

हरिदासने माझ्याकडे पाहिलं. एक 'हो' पुरला असता. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्या काय पडताळणार होत्या? मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो.

"दिसत नाही गं," तो म्हणाला. "असेल तर मीच घालवली. चिंचेनं घासलं."

"अरे मेल्या! इथं होतास तोवर एक तांब्या घासला नाहीस, आणि आता हौस आली?"

त्या हसल्या. तोही हसला आणि बाहीने डोळे पुसले. फोनमधून त्यांच्या घरातल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"म्हणजे आता कळायचं नाही."

"नाही आई."

"असू दे. सुट्टीला येशील तेव्हा घेऊन ये. दोन्ही एका डबीत ठेवीन. ओळख असली तर त्यांची ती बघतील."

हरिदासने बटण रुमालाच्या टोकाला बांधलं. अब्बासचा चहा आला तरी त्याने गाठ सोडली नाही.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा एक हिरवं ढेकूळ निघालं. हरिदासचे हात चिखलाने भरले होते, म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली. त्याने घाईघाईने मूठ मिटली आणि दुसरा हात पुढे केला.

"हातावर घाला काका," तो म्हणाला. "याच्यावर नको."