हॅनाची लेक कुणाच्या वाट्याला आली

अमेरिकेत जाऊन कुणी कोर्ट बघतं का, असं माझ्या लेकीने, सायलीने, मला दहादा विचारलं. पण मी पनवेलला एका वकीलबाईंकडे मृत्युपत्रं आणि खरेदीखतं टाइप करते. लेकीकडे व्हर्जिनियात आले आणि तिथली जुनी मृत्युपत्रं कुणालाही बघता येतात हे कळलं, तसं मला मॉलमध्ये चैन पडेना. शेवटी तिने एक दिवस रजा काढली.

रिचमंडहून त्या गावच्या कोर्टापर्यंत दीड-दोन तासांचा रस्ता, दोन्हीकडे पाइनची झाडं आणि मधेच सोयाबीन. आपल्या एक्स्प्रेसवेची सवय असेल तर एवढ्या रिकाम्या रस्त्याची जरा भीतीच वाटते. जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, दफ्तरखाना बंद असतो. आत जायला पैसे नाहीत, झेरॉक्सचे तेवढे पडतात. पेन आणि पिशव्या बाहेर ठेवायच्या, पेन्सिल चालते. गावात खानावळ एकच, आणि तिथलं सँडविच इतकं कोरडं की मी थालीपीठं नेली होती म्हणून निभावलं.

टेबलावर शेजारी डेनीस बसली होती. माझ्याच वयाची, निवृत्त नर्स, कृष्णवर्णीय. तिची कित्येक पिढ्यांमागची आजी सारा आणि साराची आई हॅना, दोघी इथल्याच एका शेतमालकाच्या गुलाम. हॅना पोरीला टाकून निघून गेली, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. आम्ही म्हणजे टाकलेल्या पोरीच्या लेकी, हे ऐकतच मोठ्या झालो, असं डेनीस म्हणाली. त्या मालकाचं मृत्युपत्र तिला नुकतंच सापडलं होतं, पण दोनशे वर्षांपूर्वीचं ते अक्षर लागत नव्हतं.

मग आम्ही तिघी मिळून वाचायला बसलो. बायकोला घर, थोरल्याला जमीन. पुढे मुलगी एलिझाबेथच्या वाट्याला पिसांची गादी, तपकिरी घोडी आणि त्याच ओळीत, एका स्वल्पविरामानंतर, हॅना. आपण रोज 'स्थावर-जंगम' लिहितो, त्या जंगमात इथे माणसं होती.

हॅनाच्या पुढे लिहिलं होतं, 'आणि तिची वाढ'. आपल्या खरेदीखतात 'झाडझाडोरा व तदंगभूत वस्तूंसह' असतं, म्हणजे जमिनीच्या अंगाला जे लागून आहे ते जमिनीबरोबर जातं. मला तेच आठवलं आणि उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी डेनीसला सांगून मोकळी झाले की वाढ म्हणजे लेकरं, सारा आईबरोबरच गेली. तिने माझा हात धरला.

"आई, थांब," सायली म्हणाली. "मधला शब्द सुटला तुझा. 'तिची यापुढची वाढ' असं आहे, म्हणजे नंतर होणारी लेकरं. सारा आधीच जन्मली होती."

खालच्या ओळीत सारा होती. हॅनाची मुलगी, धाकट्या मुलाला. तो धाकटा दूर जॉर्जियात राहत होता. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डेनीस मात्र पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचत राहिली.

"म्हणजे तिने टाकलं नव्हतं," ती म्हणाली. "पोर वाटणीत गेली."

तिची नव्वदीची आई अजून होती. बाहेरच्या पायरीवर बसून डेनीसने तिला फोन लावला आणि झेरॉक्स वाचून दाखवली. म्हातारीने फक्त एवढंच म्हटलं की परत वाच. मग डेनीस रडली, आणि मीही रडले. उरलेली थालीपीठं तिघींनी तिथेच खाल्ली.

पनवेलला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या विचुंबे गावाकडच्या एक आजी मृत्युपत्र करायला आल्या. घर झालं, भांडी झाली.

"शेळी धाकल्याला लिव," त्या म्हणाल्या. "आनि करडू आयशीपासून तोडायचा नाय, तेबी लिव."

कायद्याला असल्या वाक्याची काही गरज नसते. वकीलबाईंनी ते खोडायला सांगितलं, पण मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. हॅनासाठी हे एवढं एक वाक्य कुणी लिहिलं नव्हतं.