ओ माय मीरा

माझं इंग्रजी कच्चं आहे. हे आता उघड सांगायला हरकत नाही, कारण सगळ्या बोरी गावाला ते कळलेलं आहे.

कॉलेजात असताना मी आणि चुडाव्याचा सुधाकर एका विलायती रॉक बँडच्या नादी लागलो. परभणीच्या एका दुकानात त्यांची कॅसेट मिळाली होती. (कुणीच घेईना म्हणून दुकानदाराने ती आमच्या गळ्यात मारली होती.) बँडच्या नावाचं आम्ही मराठीत 'लोखंडी कंदील' केलं आणि त्यांचे भक्त झालो. शब्द कळत नव्हते, पण ढोल असा वाजायचा की कळायची गरजच पडायची नाही.

एक गाणं मात्र मला कळलं. त्याचं धृपद होतं, 'ओ माय मीरा!' मी सुधाकरला म्हणालो, "बघ, संत मीराबाईवर गाणं केलंय गोऱ्यांनी! अन् तिला माय म्हणायलेत!" सुधाकरच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे मी मराठीचा मास्तर झालो आणि बोरीला मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील, म्हणजे आबा, गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख. त्यांनी विचारलं, "गाणंबिणं ऐकता का?" मी आधी अर्थ सांगितला आणि मग ते गाणं म्हणूनच दाखवलं. आबा उठून उभे राहिले. "पोरगा सात्त्विक हाय. सुपारी फोडा!"

लग्न झालं, मुलगी झाली. तिचं नाव अर्थातच मीरा. आबांनी तर ते गाणं मंडळातच घेतलं. कॅसेट ऐकून मी तिन्ही कडवी देवनागरीत उतरवून दिली (जे ऐकू आलं ते, बाकी ठिकाणी 'हरी हरी' घातलं). तेव्हापासून बावीस वर्षं दर एकादशीला बोरीत टाळ-मृदंगाच्या साथीने लोखंडी कंदील पेटत होता!

गेल्या वर्षी बातमी आली, की चाळीस वर्षं गाऊन बँड आता थांबतोय. सुधाकर रविवारी सकाळच्या पॅसेंजरने परभणीला माझ्या घरी आला. सगळी गाणी पहिल्यापासून ऐकायची, असा बेत होता. नवा चष्मा करायला आलेले आबाही तो डोळ्यांवर चढवून घरीच होते. मीरा आता कृषी विद्यापीठात शिकते. ती म्हणाली, "बाबा, टीव्हीवर लावून देते. खाली मराठीत अर्थ पण येतो."

"लय चांगलं झालं," म्हणत आबा पुढे सरकले.

ढोल वाजला. गोऱ्याने आर्त हाक मारली, 'ओ माय मीरा!' खाली अक्षरं उमटली: 'अरे माझ्या आरशा!'

सुधाकर माझ्या कानाशी आला. "आरसा कुठून आला रे?"

"मशीन चुकायलंय," मी म्हणालो.

मीराने गाणं थांबवलं. "बाबा, मीरा नाही. मिरर! मिरर म्हणजे आरसा! माझं नाव तुमी आरसा ठेवलं?"

"थांबवू नको," आबा म्हणाले. "कडवं बघू."

पहिल्या कडव्यात एक माणूस आरशासमोर मिशा कोरत स्वतःचं कौतुक करत होता. दुसऱ्यात त्याने बायको सोडली. तिसऱ्यात सासऱ्याची मोटार विकली. आबा एकेक ओळ खणखणीत आवाजात वाचत होते, कारण चष्म्याचा नंबर बरोबर निघालाय का, हेही त्यांना बघायचं होतं!

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "कोणाची मोटार विकली?"

"माझी," आबा म्हणाले.

भिंतीत शिरता आलं असतं तर मी शिरलो असतो. आबाच पुढे म्हणाले, "आमचा मृदंगवाला तर त्या तिसऱ्या कडव्याला रडतो."

"आबा, चुकलं माझं."

"मास्तर, सोयरिकीच्या वक्ताला खोटं बोललात का?"

"न्हाई आबा. शपथ घेऊन सांगतो, मला मीराच ऐकू आली."

आबांनी चष्मा काढून पुसला. "मला बी मीराच ऐकू आली. आत्ता बी तेच ऐकू आलं. पोरीचं नाव बराबर हाय." मीराला हसू फुटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आबा म्हणाले, "पण कळल्यावर ते मंडळात म्हणता येत न्हाई. चाल राहू द्या. शब्द तुमी नवे लिवा. मराठीचे मास्तर हायत ना?"

मी महिनाभर खपलो. खऱ्याखुऱ्या मीराबाईवर सात कडवी लिहिली, यमक, अनुप्रास, सगळं जिथल्या तिथे! एकादशीला बोरीच्या देवळात पहिल्या रांगेत बसून ती ऐकली. भजन संपल्यावर मृदंगवाल्याने मला हाताला धरून बाजूला नेलं. मी नम्रपणे मान खाली घातली, कारण स्तुती अशीच ऐकायची असते.

"मास्तर, राग धरू नका," तो म्हणाला. "पण ते जुनंच बरं होतं. त्यातलं काई कळत न्हवतं, म्हणून जीव रमायचा. तुमचं सगळंच कळायलंय!"