कावळ्याला दिलेला शब्द

पिंडाला कावळा शिवेना. दहाव्याच्या दिवशी आम्ही तलावाकाठी ऊन डोक्यावर येईपर्यंत उभे. बायकांनी तिथे जायचं नसतं, असं काकू सांगत होती; मी गेले. गेलेला माझा धाकटा भाऊ होता, काकूचा नव्हे.

काका म्हणाले, "लग्न राहिलं ना पोराचं." कुणी म्हणालं, आईत जीव अडकलाय. आई तर त्याच्या आधीच गेलेली. कावळे समोरच्या विजेच्या तारेवर बसून आमची मजा बघत होते. शेवटी थोरला दादा पुढे झाला आणि हात जोडून मोठ्याने म्हणाला, "तुझी खोली आहे तशीच ठेवीन. एकाही खोक्याला हात लावणार नाही." त्याचं बोलणं संपतंय न संपतंय तोच कावळा उतरला. सगळे रडले. मीही रडले, कारण त्याचा जीव कशात होता हे दादाला खरंच कळलं होतं.

खोकी म्हणजे त्याचे देखावे. दिवसाआड डायलिसिस, आणि मधल्या दिवशी तो कोपरखैरण्याच्या घरी मागच्या खोलीत बसून बुटांच्या खोक्यांत आमची नवी मुंबई उभी करायचा. आजारपणाआधी बेलापूरला सरकारी कचेरीबाहेर तो टायपिंगचं टेबल लावायचा. ते एका खोक्यात होतं, मोठी रंगीत छत्री आणि खाली कपाळाला हात लावून बसलेलं गिऱ्हाईक. एकात बोनकोड्याच्या गल्लीतली चहाची टपरी; तिथली स्टुलं म्हणजे इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं. सलाइनच्या नळ्यांचे पाण्याचे पाइप केले होते. आमचं स्वयंपाकघरही होतं, ओट्याशी आई पाठमोरी. त्याच्या माणसांना चेहरे नसत. मी विचारलं तर म्हणाला, "तोंड केलं की काका भांडायला येतील, माझं नाक असं आहे का म्हणून."

दादा त्यांना खेळणी म्हणायचा. "घोड्याएवढा झाला, अजून घर-घर खेळतोय," असं जेवताना, त्याच्या देखत. तो खाली मान घालून जेवायचा. मला दोघांचाही राग यायचा.

दिवाळीच्या आवराआवरीत मी दिघ्याहून माहेरी गेले, तर मागच्या खोलीत दादाचं ऑफिसचं टेबल आणि फिरती खुर्ची.

"वाळवी लागली होती गं," दादा म्हणाला. "टेन्शन नको घेऊ, सगळ्या खोक्यांचे फोटो काढलेत. ग्रुपवर टाकले होते, बघितले नाहीस?"

बघितले होते. मला वाटलं, आठवण आली म्हणून टाकलेत. मी खाली जोडलेले हातही पाठवले होते.

वहिनी म्हणाली, "आपली सोसायटी कचऱ्याच्या बाबतीत फार कडक आहे ना, मी सगळं वेगळं करून दिलं. पुठ्ठा सुक्यात, नळ्या-बुचं वेगळ्या पिशवीत." म्हणजे आई ओट्यासकट सुक्या कचऱ्यात गेली. वहिनीच्या नीटनेटकेपणाला नावं ठेवायला जागा नाही. मी चहा न घेता निघाले. माहेरच्या खोलीवर लग्न झालेल्या बहिणीचा काय हक्क, हेही तिने मला जिन्यापर्यंत येऊन ऐकवलं.

परवा त्याचं वर्षश्राद्ध झालं. कावळ्याचं पान घेऊन दादा गच्चीवर गेला, मागे मी. कठड्यावर पान ठेवलं. कावळा येईना. कबुतरं आली, ती दादाने हुसकावली. खाली पंगत खोळंबली होती, वहिनी दोनदा हाक मारून गेली. दादाने हात जोडले आणि तो माझ्याकडे वळला.

"काय बोलू गं?" तो हळूच म्हणाला. "तूच सांग, तुमचं दोघांचं जमायचं."

"गेल्या वेळी बोललास तेच बोल," मी म्हटलं. "एकाही खोक्याला हात लावणार नाही म्हणून सांग."

त्याने जोडलेले हात सोडले. कबुतरं पुन्हा पानावर उतरली, ती मात्र त्याने हुसकावली नाहीत.