इंदूच्या उंचीचा खिळा

आम्ही दोघं गाव सोडून निघालो तेव्हा एसटी स्टँडवर निम्मा गाव आला होता. पोचवायला नाही, हसायला. हे आधीच लिहून टाकतो, कारण गाववाल्यांनो, आता तुमच्यातलेच काही जण फोनवर मला सांगतात की त्या दिवशी इंदूवहिनीला निरोप देताना सगळ्यांचे डोळे भरले होते. खोटं आहे. मी तिथे होतो.

इंदू माझ्यापेक्षा हातभर उंच. गावात तिला माड म्हणायचे. तिला स्थळ येत नव्हतं, मला कोणी मुलगी देत नव्हतं, म्हणून आमचं जमलं. लग्नाला आठवडा झालेला. गाडीत ट्रंक चढवत होतो तर मागून एक जण ओरडला, "भिक्या, बायलेक हार घालूक शिडी लावलंस काय रे?" सगळा स्टँड हसला. कंडक्टरसुद्धा. ओरडणारा आज देवळाच्या कमिटीवर मोठा माणूस आहे. वाचत असशील तर ऐक, तुझं नाव मी विसरलेलो नाही.

शिडी लागली नव्हती. तिने मान खाली केली होती. आयुष्यभर तेच करत आली होती ती. माझे सासरे, तिचे वडील, गाडीच्या दारात उभे होते, त्यांनी आशीर्वाद म्हणून काय दिलं, तर जे रोज सांगायचे तेच. "वाकान चल गो बाये, चौकटीक कपाळ फुटतला." विशीच्या आत ती पोरगी म्हातारीसारखी पोक काढून चालायची. गावात तिच्या उंचीचं एक दार नव्हतं.

मुलुंडला आलो. कारखान्याच्या गेटबाहेर मी फुलांची टोपली घेऊन बसलो. मग फळकुटाचं दुकान झालं. पहाटे दादरहून फुलं आणायची, दिवसभर हार करायचे. इंदू बरोबर बसायची. बाकीचे फुलवाले काठीला आकडा लावून वरचे हार काढायचे, इंदू बसल्या जागेवरून उठली की हात सरळ वरच्या दांडीला. कारखान्यातला गोम्स हे रोज बघायचा. गोम्स मनोरीचा, कारखान्याच्या बास्केटबॉल टीमचा जुना सेंटर, म्हणजे रिंगखाली उभा राहणारा सगळ्यात उंच गडी. तोच पोरांना शिकवायचाही. एक दिवस येऊन मला म्हणाला, "भिकू, तुझी बायको हार विकते हे कारखान्याचं नुकसान आहे यार." मला वाटलं चेष्टा करतोय. मी कात्री दाखवली. तो हसला नाही. म्हणाला, "बायकांची टीम काढतोय. पॅकिंगला टेंपररी लावून देतो. वहिनी, याल काय?"

इंदू गेली. बॉल म्हणजे काय तिला माहीत नव्हतं, नारळ धरतात तसा धरायची. पण गोम्सने तिला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली, ती तिने घरी येऊन मला तीनतीनदा सांगितली. "ओ, तो म्हणता, सरळ उभी ऱ्हव. जितकी आसस तितकी दिस." बापाने जे वाकवलं ते मनोरीच्या एका दर्याकाठच्या माणसाने सरळ केलं. वर्षभरात तिची पाठ ताठ झाली. मी तिच्या खांद्यालाही लागेना. मला काय, मी खूश. चाळीतले लोक जोडीला हसायचे तर ती वरून बघायची त्यांच्याकडे, नुसती बघायची, की गप्प.

आता खंडेनवमीचं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. त्या दिवशी कारखान्यात मशीनची पूजा व्हायची आणि मागच्या मैदानात रिंगची. रिंगला झेंडूचा हार लावायचा, पण शिडी लावायची नाही. टीममधला सगळ्यात भारी लंबू पळत यायचा, उडी मारायचा आणि हार रिंगच्या आकड्यात अडकवायचा. ज्याने हार लावला तो त्या वर्षीचा राजा. गोम्सचे गुडघे गेल्यापासून तावडे लावायचा. तावडे मशीनशॉपचा, सव्वासहा फूट, दिसायला देखणा, साहेब लोकांचा लाडका. हार दरवर्षी मी करायचो.

त्या वर्षी गोम्स म्हणाला, आदल्या दिवशी बायका-पुरुष मिळून प्रॅक्टिस मॅच खेळू, रिंगखाली जो वरचढ ठरेल तो हार लावेल. कोणी असो. माणसं भिंतीवर चढून बसली. मी दुकान सोडून गेलो नाही, गेटवरून फक्त आरडाओरडा ऐकत होतो. कांबळे नावाचा चपळ पोरगा होता टीममध्ये, तो धावत गेटपर्यंत आला नि म्हणाला, "भिकूशेट, वहिनींनी तावडेची वाट लावलीय! एक बॉल टाकू देत नाहीत!" मी हार गुंफत होतो. त्यात जरा जास्तच केशरी झेंडू घातला. म्हटलं, हा इंदूच्या हाताने लागणार.

मग ओरडा एकदम थांबला.

आत गेलो तर इंदू रिंगखाली बसलेली, तोंडातून रक्त, जर्सी पुढून लाल. समोरचा दात अर्धा. तावडे लांब उभा होता, कमरेवर हात. म्हणाला, पाय घसरला वहिनींचा. गोम्स ओरडत होता की कोपर मारलं, मी बघितलं. बाकी कोणी बघितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात मोठी स्पर्धा होती, तावडेशिवाय टीम नव्हती, मग कोणाला दिसणार? कांबळे तेव्हा माझ्याजवळ गेटवर होता, त्याला खरंच दिसलं नव्हतं.

फुलांची कात्री माझ्या हातातच होती. मी तावडेकडे निघालो. इंदूने बसल्या जागेवरून माझं मनगट धरलं. तिचा पंजा केवढा, मला हलता येईना. रक्ताच्या तोंडाने म्हणाली, "जावंद्या ओ. आपणाक हयसरच ऱ्हवचा आसा."

आपल्याला इथेच राहायचंय. गाव सोडून आलेल्या माणसाला यापुढे काही बोलता येत नाही. तुम्ही जे गावाबाहेर पडलात त्यांना कळेल. मागे जायला वाट नाही, पुढे ज्याच्याशी भांडायचं तोच गेटवर उभा.

साहेब म्हणाला, बायकांना दुखापत होते, टीम बंद. टीम बंद म्हणून टेंपररीही बंद. इंदू परत माझ्या शेजारी फुलांत येऊन बसली. दाताला डॉक्टरने स्टीलची कॅप बसवली. आणि खंडेनवमीला मी केलेला तो हार तावडेने उडी मारून रिंगला लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंदूनेही वाजवल्या. मी नाही.

ती असेपर्यंत मी गप्प राहिलो. तावडे सुपरवायझर झाला, रिटायर झाला. कारखाना गेला, तिथे टॉवर आला, त्यात खाली जिम आहे आणि कुत्र्यांना फिरवायला वेगळी जागा आहे. मैदान तेवढं कसंतरी वाचलं. गोम्स मनोरीलाच गेला, तिथेच वारला. आम्ही म्हातारे संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसतो. विषय एकच. या मैदानावरचा आजवरचा सगळ्यात भारी लंबू कोण? कांबळे म्हणतो गोम्स. बाकीचे म्हणतात तावडे. गोम्सचा डावा हात चालायचा नाही, तावडे दोन्ही हातांनी बॉल टाकायचा. तावडेने स्पर्धा जिंकली, गोम्सने माणसं घडवली. माणसं घडवली तर हेडमास्तर म्हणा, लंबू का म्हणता? चहा थंड होईपर्यंत हेच. तावडे मधोमध बसून ऐकतो, मान डोलावतो, देवळातल्या मूर्तीसारखा.

यंदा आषाढात इंदू गेली. तेराव्यानंतर मी कट्ट्यावर जाऊन बसलो तर हेच चाललेलं. मी विचारलं, "आणि इंदू?"

एक जण हसला. "भिकू, आपण लंबूंचं बोलतोय रे. वहिनी देवमाणूस होत्या, पण हे वेगळं."

तावडेने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. समजूत घालत म्हणाला, "बायकांत वहिनी चांगल्याच होत्या. पण त्यांना बूट झेपले नाहीत ना. पाय घसरला बिचारीचा."

माणूस जाऊन तेरा दिवस होतात न होतात, आणि हा अजून तिला घसरवतोय. मी त्याचा हात गुडघ्यावरून उचलला आणि कट्ट्यावर ठेवला. घरी आलो. आता मला कोणी मनगट धरणारं नव्हतं. आणि आता मला कुठे राहायचं होतं?

नवरात्रात मैदानाच्या कमिटीची माणसं दुकानावर आली. म्हणाली, काका, मैदानाला रंग देतोय, या खंडेनवमीला तावडेकाकांचा सत्कार आहे, सर्वश्रेष्ठ उंच खेळाडू म्हणून. रिंगचा हार त्यांच्याच हस्ते. शिडी आहे. हार तुमच्याकडूनच, परंपरा आहे ना तुमची. मी म्हटलं, आहे. करतो.

केला. असा हार मी आयुष्यात केला नाही. केशरी झेंडू, मध्ये शेवंती, खाली निशिगंधाचं झुंबर. बोटांना दोऱ्याने कापेपर्यंत आवळून केला.

मांडव, लाल खुर्ची, तावडे पांढऱ्या सफारीत. शाल झाली, नारळ झाला. हातात माइक दिला, बोला म्हणाले. तो दोन शब्द बोलला, मग मला पुढे बोलावलं, हार द्यायला. मी हार डाव्या खांद्यावर टाकला आणि उजव्या हाताने त्याचा मोकळा तळवा धरला. त्याला वाटलं अभिनंदन करतोय. मी त्याच्या तळव्यावर इंदूच्या दाताची कॅप ठेवली. अस्थी वेचताना राखेत सापडली होती. बाकी सगळं मी पाण्यात सोडलं. हे सोडलं नाही.

"ओळखलंस?" मी विचारलं. "तुझं आहे. इतकी वर्षं ती तोंडात घेऊन फिरली. आता तू सांभाळ."

तावडे बघत राहिला. काळं पडलेलं इवलंसं स्टील. त्याचा चेहरा उतरला, ओठ हलले. तो माझ्याशीच बोलला, हळू, पण दुसऱ्या हातातला माइक तोंडाजवळच होता.

"मुद्दाम नाय मारलं रे, भिकू."

चारी भोंग्यांतून आलं ते. टॉवरच्या गॅलऱ्यांपर्यंत गेलं. कट्ट्यावरचे सगळे म्हातारे पहिल्या रांगेत बसले होते. कांबळे उठून उभा राहिला.

"म्हणजे मारलंस?"

तावडेने कॅपवर मूठ मिटली. कमिटीच्या माणसाने माइक काढून घेतला, पण आता काय उपयोग.

"पाय घसरला होता ना रे?" कांबळे म्हणाला. "इतकी वर्षं आम्हाला काय सांगत होतास? आम्ही इथे लंबू मोजत बसलोय!" मग माझ्याकडे वळला. "ने भिकू. हार घेऊन जा. ज्याचा आहे त्याला घाल."

मी निघालो. मागून तावडेने हाक मारली, "भिकू, ऐक ना." नाही ऐकलं. त्याला माफी मागायची असेल. मागू दे, हातातल्या कॅपजवळ. मी बरं वाटावं म्हणून गेलो नव्हतो, त्याला वाईट वाटावं म्हणून गेलो होतो. वाटलं. परवा कांबळे सांगत होता, तावडे कट्ट्यावर येत नाही, आणि विषय निघाला की आता कोणी गोम्सचं नाव घेतं, कोणी इंदूचं. भांडू देत. मला निकाल नको, मला माहीत आहे.

गावाकडून फोन येतो. पुतण्याने स्लॅबचं घर बांधलंय, म्हणतो काका, एकटे काय करता मुंबईत, या आता घरी. देवळाच्या कमिटीवाल्याने पण निरोप धाडलाय, भिकू आपला माणूस, त्याने शेवटी मातीत यावं. या लिहिण्याने त्या सगळ्यांना उत्तर देतो. ज्या घरात तिला वाकून शिरावं लागायचं ते माझं घर नाही. तुम्ही चौकटी आता उंच केल्या असतील. उशिरा केल्यात.

माझं घर मुलुंडची एक खोली आहे. त्यात सगळं तिच्या उंचीवर आहे. कपड्यांची दोरी, देवाची फळी, साखरेचा डबा. माझा हात कशालाच पोचत नाही, बिनसाखरेचा चहा पितो. भिंतीवर एक मोठा खिळा आहे, रात्री तयार हार ती त्यावर टांगून ठेवायची. शेजारचा म्हणाला, काका, खिळा खाली ठोकून देतो, वहिनींचा फोटो लावता येईल. त्याला सांगितलं, खिळ्याला हात लावायचा नाही. फोटो खालीच आहे, कपाटाला टेकवून.

त्या दिवशी मैदानातून आलो आणि हार घेऊन खिळ्याखाली उभा राहिलो. लग्नात तिने मान खाली केली होती. आता कोण करणार? दोन पावलं मागे गेलो, गोम्स तिला शिकवायचा तसं मनगट मागे घेतलं आणि हार वर फेकला. पडला. परत फेकला, निशिगंध तुटला, डोक्यावर पडला. गुडघे बोलायला लागले. शेवटी एकदा गेला तो बरोबर गेला, खिळ्यात अडकला आणि भिंतीवर हलत राहिला.

स्टँडवर ओरडणाऱ्या त्या माणसाला कोणीतरी वाचून दाखवा. शिडी लागली नाही.