अंड्यांची तीट

सासूबाई पनवेलला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या त्या एक कापडी पिशवी, एक टोपली आणि टोपलीत एक तांबडी कोंबडी घेऊन. सासरे गेल्यावर कोन गावातल्या घरात त्या एकट्याच होत्या. चक्कर येऊन दोनदा पडल्या होत्या आणि दुसऱ्या वेळी तर संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ताच लागला नव्हता. तेव्हापासून नवऱ्याच्या जिवाला घोर लागलेला. काहीही करून आता आईने आपल्याकडेच राहावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

आईंना मात्र तिसऱ्या मजल्यावर करमेना. आल्या दिवसापासून त्यांनी घराचं दार सताड उघडं टाकलं, खिडक्या उघड्या, गॅलरी उघडी. ट्रकांची धूळ घरभर. मी लावून आले की मागून जाऊन पुन्हा उघडायच्या. "माजा जीव कोंडतो गो बाय. तुमी या डब्यात सास तरी कसा घेता?"

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि तोंडाने पहिल्यापासून फटकळ. "नाकाने," मी म्हणायचे.

त्या मनापासून हसायच्या. आमचं दोघींचं पटणार नाही असं सगळ्या नातेवाइकांनी धरूनच ठेवलं होतं, त्यांची चांगलीच निराशा झाली. मला ती बाई फार आवडायची.

आठवडाभरात कोंबडी खुडूक झाली. पिसं फुगवून टोपलीत ठाण मांडून बसली, उठेचना. आईंनी लगेच नवऱ्याला पिटाळून कोनहून नऊ गावठी अंडी मागवली, गॅलरीत पेंढ्यावर मांडली, वर कोंबडी बसवली आणि आम्हाला दोघांना समोर उभं करून निकाल सांगितला. त्यांच्या माहेरची ही पद्धत होती. नव्या घरात पहिल्यांदा कोंबडी बसवायची; पिल्लं निघाली तर ती जागा आपल्याला मानवली. "निघाली तर मी हाय. नाय निघाली तर मना कोनला नेऊन सोड. मग रडायचा नाय."

पिशवी त्यांनी दाराजवळ भरूनच ठेवली होती. नवरा येता-जाता त्या पिशवीकडे बघायचा. मी म्हटलं, आता तूच जाऊन बस अंड्यांवर.

थट्टेत म्हटलं खरं, पण तो जवळजवळ बसायच्याच बेतात होता. कळंबोलीच्या लोखंड बाजारात हिशेब लिहिणारा माणूस, सकाळी ऑफिसला जाण्याआधी टोपलीत डोकावून जायचा. सोसायटीतल्या बायकाही कौतुकाने बघायला यायला लागल्या. आईंना धास्ती बसली की नजर लागणार. गावी अशा वेळी प्रत्येक अंड्याला कोळशाचा ठिपका लावत, बाळाला तीट लावतात तसा. आता गॅसच्या घरात कोळसा कुठून आणायचा?

नवऱ्याने तोड काढली. गॅलरीच्या ग्रिलला लावून उरलेला काळा ऑइलपेंट माळ्यावर होता. आणि हा माणूस कुठलंही काम अर्धवट करत नाही, हेच त्याचं दुखणं. मी शाळेतून आले तेव्हा मायलेक कौतुकाने टोपलीपाशी बसले होते. नऊच्या नऊ अंड्यांची बोथट टोकं त्याने रंगात बुडवून काढली होती. ठिपका नव्हे, चांगल्या टोप्याच घातल्या होत्या.

"अरे, गुदमरवलीस की सगळी!" माझी पर्स हातातून पडली.

"अंड्याला कुटला गो सास?" आई म्हणाल्या. "चोच तरी हाय का त्याला?"

मी नवऱ्याला इतकं बोलले की कोंबडीसुद्धा मान आत घेऊन बसली. मग आईंना स्वयंपाकघरात नेलं. फ्रिजमधलं एक अंडं काढलं आणि गरम पाण्याच्या पातेल्यात सोडलं. कवचाला कुठे तडा नव्हता, तरी त्याच्या अंगातून बारीक बुडबुडे निघायला लागले. बोथट टोकाकडून तर धारच लागली.

"कवचाला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात," मी म्हटलं. "त्यातूनच हवा आत जाते, आतली खराब हवा बाहेर येते. आणि या टोकाला आत हवेची पोकळी असते. पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं. नेमकी तीच बाजू तुमच्या लेकाने बंद केली."

आई बराच वेळ पातेल्याकडे बघत राहिल्या. "आमी जलमभर अंडी उकडली," त्या हळूच म्हणाल्या, "आन् हे बघितलाच नाय." मग पदर खोचून उठल्या.

रंग काढायला रॉकेल चालणार नव्हतं, तेही त्याच भोकांतून आत गेलं असतं. पेंट अजून ओलसर होता. आधी कोरड्या फडक्याने टिपला आणि राहिलेला नखांनी खरवडायला बसलो. एका वेळी दोनच अंडी उचलायची, बाकीची कोंबडीच्या उबेत. तिने तिघांचेही हात टोचून फोडले. नवरा मान खाली घालून खरवडत होता, मधूनच आईकडे बघत होता. त्याचं तोंड बघून माझा राग कुठल्या कुठे पळाला. आईच त्याला म्हणाल्या, "असू दे रे, तुज्या काय मनात होता का मारायचा?" तरी टोकांवर करडे डाग राहिलेच.

पुढे रोजच वाट बघणं सुरू झालं. मी देवाला सहसा काही मागत नाही, तेव्हा मागितलं. आई मला घरात हव्या होत्या. त्या शेजारी बसून भाजी निवडत नसल्या की मला स्वयंपाकघर ओकंबोकं वाटायला लागलं होतं, आणि हे त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती.

तीन आठवडे उलटले. अंडी जशीच्या तशी. आईंनी आणखी एक दिवस वाट बघितली. त्या सकाळी आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या. "चल रे, सोड मना."

मी पोळ्यांचा डबा भरला. नवरा उघड्या दारात बसून बूट घालत होता, आणि एका बुटाची नाडी त्याला काही केल्या बांधता येत नव्हती.

कोंबडी बरोबर न्यायची म्हणून आई गॅलरीत गेल्या. तिला उचलून बाजूला केलं. टाकून द्यायच्या आधी, सवयीने, एक अंडं त्यांनी कानाला लावलं. आणि तशाच उभ्या राहिल्या.

"सूनबाय," त्यांनी मला हाक मारली, अगदी हळू.

अंडं त्यांनी माझ्या कानाला लावलं. कवच अख्खं होतं. चीर नाही, भोक नाही. आणि आतून चिवचिव ऐकू येत होती, अगदी बारीक. मी इतकी वर्षं वर्गात शिकवत आले होते की पिल्लू आधी चोचीने आतला पडदा फोडतं, त्या पोकळीतली हवा घेतं, आणि कवच नंतर फुटतं. ऐकलं मात्र कधीच नव्हतं. अंडं उलटं करून बघितलं. टोकाला करडा डाग होता.

"घेतला त्याने श्वास," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.

आईंनी माझ्या हातातून अंडं घेतलं, परत पेंढ्यात ठेवलं, कोंबडी वर बसवली. मग बाहेरच्या खोलीत आल्या.

"बूट काढ रे," त्या लेकाला म्हणाल्या. "आन् ते दार लाव आधी. पोरांना वारा लागल."