जिलेबीचा पाक आणि मामांची मधपेटी

मधमाश्यांना जुलाब होतात, हे मला मामांच्या गच्चीवर कळलं. पेटीच्या तोंडाखाली तपकिरी ओघळ वाळले होते, कोणी पान खाऊन पिचकाऱ्या माराव्यात तसे. शेजारी मामीने वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवरही तेच ठिपके. निरोगी माशी दाराशी घाण करत नाही, लांब उडून जाऊन करते. या माश्यांना तेवढाही दम उरला नव्हता.

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. मामा कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून महाराजपुरात राहतात, आणि गच्चीवरची ही एकुलती एक पेटी मीच त्यांच्या गळ्यात घातलेली. मधमाश्या वाचवा म्हणून आमच्या गढा वस्तीत घरोघरी पत्रकं वाटणारी मी. माझ्या स्वतःच्या घरी गच्ची नाही. त्या दिवशी थंडीसाठी पेटी लावून द्यायला गेले होते.

झाकण उघडलं आणि आंबट वास नाकात शिरला. पोळ्यांच्या चौकटींवर स्टीलची थाळी ठेवलेली. तीत पिवळा पाक, त्यावर तुपाची पांढरी साय, वेलचीची सालं आणि पंख चिकटून मेलेल्या माश्या. एक अजून पाय हलवत होती.

"मामा, हे काय आहे?"

"पाक. जिलेबीचा उरला होता. साखरच तर असते न त्यात."

"तूप आहे यात, रंग आहे. आंबलाय हा!"

"अच्छा? माणसं चाटूनपुसून खातात, अन् तुझ्या माश्यांचेच नखरे?"

मी थाळी उचलून मोरीत उपडी केली. हात तीनदा धुतले, तरी बोटं चिकटतच होती.

थंडीत माश्या बाहेर पडत नाहीत. एकमेकींना बिलगून गोळा करून बसतात, अंग थरथरवून ऊब धरतात आणि साठवलेला मध खातात, शेतात मोहरी फुलेपर्यंत. म्हणून मधे पिल्लांच्या चौकटी आणि दोन्ही बाजूंना मेणाने बंद केलेल्या मधाच्या चौकटी लावायच्या. एवढंच काम. पण मी बाजूची पहिली चौकट उचलली तर ती पुठ्ठ्यासारखी हलकी. दुसरी तशीच. शेवटचीत मेणकिडा पडला होता. सगळ्या पोळ्यावर जाळं, जाळ्यात काळी विष्ठा आणि पांढरट, लठ्ठ, वळवळणाऱ्या अळ्या. एक माझ्या मनगटावर पडली. मी किंचाळले.

"भाषणवाली अळीला घाबरते!" मामा हसले.

तिथे माझा तोल गेला. "मध कुठे आहे? पाक द्यायची वेळच काहून आली?"

"मध काढला न."

"सगळा?"

"मग? तूच तर फोन केला होता. तुमच्या कार्यक्रमाच्या पाहुण्याला फुलं नको, बाटली द्यायची म्हणून. एका बाटलीसाठी मी मध काढायचं यंत्र मागून आणू? आणलंच होतं तर सगळ्या चौकटी फिरवल्या. कारखान्यातल्या जुन्या साहेबांना दिला, तुझ्या आईला दिला. आता माझ्यावर काय ओरडून राहिली?"

फोन मीच केला होता. ज्या पत्रकात मी जाड अक्षरांत लिहिलं होतं, 'माश्यांचा हिवाळ्याचा वाटा त्यांनाच सोडा', त्याच पत्रकाचा गठ्ठा आणि त्याच पेटीतली बाटली मी कार्यक्रमात टाळ्यांच्या गजरात पाहुण्यांच्या हातात ठेवली होती. अळीची नाही आली एवढी किळस मला त्या आठवणीची आली.

पिठीसाखर मधात मळून तिचा गोळा चौकटींवर ठेवला तर माश्या तगतात. पण बाजारच्या मधातून रोग येऊ शकतो, मध खात्रीचा हवा, या पेटीतला असेल तर उत्तम. आईने बाटली केव्हाच संपवली होती. मामा काही साहेबांचं दार ठोठावणार नव्हते. उरले पाहुणे. मी स्कूटी काढली.

ते ग्वारीघाटाच्या रस्त्यावर राहतात. बाटली समोरच काचेच्या कपाटात होती, सन्मानचिन्हांच्या रांगेत, न उघडलेली, झाकणावर धूळ. मी बसलेसुद्धा नाही.

"अंकल, वो शहद वापस चाहिए।"

ते आधी हसले, मग त्यांना कळलं की मी हसत नाहीये. "बेटा, दी हुई चीज़ कोई वापस माँगता है?"

"मधुमक्खियों ने दी कहाँ थी, अंकल? हमने उठा ली थी।"

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ले जाने दो जी, आपको वैसे भी शुगर है।"

त्यांनी बाटली दिली, पण दोन बोटांच्या टोकांनी धरून, मी भीक मागायला आल्यासारखी. घेतली. ज्या माणसाला मध खायचाच नव्हता, त्याच्या शोभेसाठी मी एक घर रिकामं केलं होतं.

परत आले तेव्हा ऊन कलत होतं. मामांनी न सांगता पेटीच्या तोंडाखालची फळी घासून ठेवली होती. किडलेली चौकट जाळली. माश्यांनी झाकलेल्या चारच चौकटी उरल्या, त्या मधे सरकवल्या, राणी दिसली. वर मधात मळलेल्या साखरेचा गोळा ठेवला, दार दोन बोटांएवढं केलं. रिकाम्या जागेत भरायला काही नव्हतं, म्हणून माझ्या पिशवीतली उरलेली पत्रकं चुरगाळून कोंबली आणि वरून गोणपाट बांधलं. डिसेंबरभर मामी रोज पेटीला कान लावून मला फोनवर सांगायची, "आहे आवाज. बारीक आहे."

मोहरी फुलली तेव्हा मामांचा फोन आला.

"पायाला पिवळं लावून येऊन राहिल्या तुझ्या माश्या. बघून जा."

"फळी कशी आहे?"

"स्वच्छ." मग सहज विचारल्यासारखं, "फेब्रुवारीत तुमचा अजून एक कार्यक्रम आहे म्हणे?"

"आहे."

"यंत्र मागून आणू का?"

मी मामांना इतक्या जोरात 'नाही' म्हटलं की शेजारची बाई खिडकीतून डोकावली. तिकडे मामा हसत होते. मला अजून हसू आलेलं नाही.